विंडोज सोडू की नको? आधी गेमची यादी काढा

गेले काही महिने या पानासाठी येणाऱ्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून येतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं विचारायलीत की जुन्या पीसीवर विंडोज ११ बसत नाही, गेम तर खेळायच्यात, मग विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स टाकू काय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिली आहे कारण त्याच्यासारखे बरेच जण आहेत.

प्रश्न : दादा नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात डिप्लोमा करतोय. माझ्याकडे आय५ ७४०० चा सेकंडहँड पीसी हाय, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, २४० चा एसएसडी आणि १ टीबीची हार्डडिस्क. विंडोज ११ टाकायला गेलं की ह्या पीसीवर चालत न्हाई म्हणून सांगतंय. रात्री साडेनऊनंतर आम्ही गल्लीतले पाचजण व्हॅलोरंट खेळतो, ते सोडून सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आणि जीटीए फाईव्ह. मामाचा पोरगा पुण्यात असतोय, तो म्हणतोय लिनक्स टाक, गेम फास्ट पळतात. घरात नवीन पीसी मागायची सोय न्हाई. टाकू काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : व्हॅलोरंट. तुझ्या सगळ्या पत्रात हा एकच शब्द महत्त्वाचा आहे बघ, बाकी रॅम आणि कार्ड नंतर. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, थोडं हळू चालतं असं नाही, चालतच नाही. तू लिनक्स टाकलास तर साडेनऊला चौघं लॉबीत आणि तू बाहेर.

का चालत नाही ते नीट समजून घे म्हणजे पुढं कुठल्याही गेमचं तुझं तुला कळेल. विंडोजची गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलते, लिनक्सला ती भाषा येत नाही, त्याला व्हल्कन येतं. मध्ये बसतो तो प्रोटॉन, स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये आणलेला, त्याच्या पोटात विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाईन आहे आणि डीएक्सव्हीके नावाचा दुभाष्या आहे. आपल्याकडे आजोबांना कचेरीत कन्नडमध्ये अर्ज द्यायचा असला की शेजारचा पोरगा सोबत जातो, आजोबा मराठीत सांगतात तो कन्नडमध्ये लिहून देतो आणि काम होतं, तसंच हे. आणि हे काम प्रोटॉन आता इतकं चांगलं करतो की एकट्यानं खेळायच्या बहुतेक गेम काही न करता चालतात. पण जिथं खातेदाराचाच अंगठा पाहिजे तिथं शेजारच्या पोराचा काय उपयोग? व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं अँटीचीट, तो अंगठा. ते विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतं, पीसी चालू होताना चालू होतं, आणि तो गाभाच लिनक्समध्ये नाही. व्हर्च्युअल मशीन करून, म्हणजे लिनक्सच्या आत विंडोज चालवून, खेळू असं कोण सांगत असेल तर त्याचं ऐकू नको, ते पण व्हॅनगार्ड चालू देत नाही आणि असल्या खटपटीत अकाउंट जाऊ शकतं, तुझे चार वर्षाचे स्किन गेले तर कुणाला विचारणार.

सीएस२ चं काही टेन्शन नाही, त्याची लिनक्ससाठीची आवृत्ती कंपनीच देते, प्रोटॉनची पण गरज नाही. जीटीए फाईव्हमध्ये थोडा घोटाळा आहे. स्टोरी मोड छान चालतो. ऑनलाईन मात्र सप्टेंबर २०२४ पासून बंद, कारण त्यांनी तेव्हा बॅटलआय नावाचं अँटीचीट लावलं. आता बॅटलआय आणि ईझी अँटीचीट ह्या दोन्हींनी २०२१ मध्येच प्रोटॉनला वाट करून दिलेली आहे, पण ती वाट उघडायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळं ईझी अँटीचीट असून एल्डन रिंग मजेत चालते आणि तेच अँटीचीट असलेली फोर्टनाईट चालत नाही. आणि उघडी वाट बंद पण होते बरं का, एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चांगली चालायची, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस त्यांनी बंद केली, ज्यांनी त्या एका गेमच्या भरवशावर विंडोज पुसलं होतं ते अडकले. पबजीची पीसीवरची आवृत्ती, कॉल ऑफ ड्यूटी, रेनबो सिक्स सीज ह्या पण नाहीतच. मी हे सगळं पाठ करून ठेवायला सांगत नाही, आर वी अँटीचीट येट नावाच्या साईटवर एकेका गेमपुढं लिहिलेलं असतं, तिथं बघ.

मामाच्या पोराचं "फास्ट पळतात" हे त्याच्या पीसीवर खरं असेल. त्याच्याकडे एएमडीचं कार्ड आहे का विचार. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो आणि तो फार चांगला झालाय. तुझं १०५० टीआय पास्कल पिढीतलं, एनव्हिडियाचं. डायरेक्टएक्स ११ च्या गेम, म्हणजे तुझी जुनी जीटीए फाईव्ह, जवळपास विंडोजसारख्याच पळतील. डायरेक्टएक्स १२ च्या गेम मात्र पास्कलवर लिनक्समध्ये हळू होतात, डोळ्याला दिसण्याइतक्या. आणि एनव्हिडियाच्या ५८० नंतरच्या ड्रायव्हरमध्ये पास्कल नाहीये, म्हणजे सगळ्यात नवं ते घेत राहणारं आर्चसारखं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, तू घेऊ नको, लिनक्स मिंट घे आणि त्याच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ५८० टाक.

मग काय करायचं? माझं स्पष्ट मत सांगतो, तुझं विंडोज आत्ता पुसू नको. मायक्रोसॉफ्टनं घरगुती लोकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट वाढवून दिलेत, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल म्हणून येतं, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग सिंक चालू ठेवलंस तर पैसे पडत नाहीत. ते आजच कर. व्हॅलोरंट तोपर्यंत विंडोज १० वरच खेळ. आणि जमेल तेव्हा एक छोटा एसएसडी घे, नवा न जमला तर ओळखीच्याकडून वापरलेला, आणि त्याच्यावर लिनक्स टाक. सीएस२, जीटीएची स्टोरी, कॉलेजचं काम, बँकेचं काम सगळं तिकडं, आणि विंडोजमध्ये फक्त साडेनऊची व्हॅलोरंट. ऑक्टोबर २०२६ नंतर तर हे फार गरजेचं होईल कारण अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचा पासवर्ड टाकू नये, एवढं माझं ऐक.

एक गोष्ट माझ्या हातून चुकली ती तुझ्याकडून होऊ नये म्हणून लिहितो. शहापूरला माझ्या भाच्याचा असाच पीसी, सातव्या पिढीचा आय५. त्याला मिंट टाकून दिलं आणि शंभर जीबीची गेम परत डाउनलोड करायला नको म्हणून स्टीमला सांगितलं की विंडोजच्या जुन्या डिस्कवरच्या गेम वापर. पहिल्या दिवशी चालल्या. दुसऱ्या दिवशी भाचा मध्ये एकदा विंडोजमध्ये जाऊन आला आणि नंतर एकपण गेम उघडेना, प्ले दाबलं की बटण हिरव्याचं निळं होतंय आणि परत हिरवं. दोन तास मी ड्रायव्हरला शिव्या घालत बसलो. कारण निघालं वेगळंच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय असते, पीसी बंद केला तरी ती डिस्क अर्धवट उघडी सोडते, लिनक्सला ती डिस्क दिसते पण त्याच्यावर लिहिता येत नाही, आणि प्रोटॉनला तर गेमच्या बाजूला स्वतःचं फोल्डर करायचं असतं. शिवाय एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या डिस्कवर प्रोटॉनला ते नीट झेपत नाही, फाईलच्या नावात कोलन आला की अडतं. भाच्याची आख्खी रविवार संध्याकाळ त्यात गेली, तो काय बोलला नाही पण तोंड बघवेना.

म्हणून असं कर. लिनक्सच्या डिस्कवर, म्हणजे ईएक्सटी४ वर, गेमसाठी जागा ठेव. लिनक्सच्या स्टीममध्ये गेम इन्स्टॉलला लाव, डाउनलोड सुरू झालं की थांबव, स्टीम बंद कर, आणि जुन्या डिस्कवरच्या स्टीमॲप्सच्या कॉमन फोल्डरातलं त्या गेमचं फोल्डर उचलून नव्या कॉमनमध्ये कॉपी कर. परत चालू केलंस की स्टीम फाईली तपासतो आणि कमी पडेल तेवढंच खेचतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर गेम उतरवणाऱ्याला ह्याची किंमत कळेल. सीएस२ सारखी ज्याची लिनक्स आवृत्ती वेगळी असते तिथं थोडं जास्त खेचेल, तेवढं सोड.

सेव्ह गेमचं पण आधी बघ. ज्याला स्टीम क्लाऊड आहे त्याचे आपोआप येतात, ज्याला नाही त्याचे विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये असतात, ते पेन ड्राईव्हवर घेऊन ठेव. लिनक्समध्ये ते कॉम्पॅटडेटा फोल्डरात, गेमच्या नंबरखाली, पीएफएक्स, मग ड्राईव्ह सी, मग युजर्स, मग स्टीमयुजर असं आत आत जाऊन ठेवायचे. आत गेल्यावर तुला तेच ओळखीचं डॉक्युमेंट्स दिसेल.

प्रश्न : हॉस्टेलवर आमच्याकडं सगळ्या गेम क्रॅकच्या आहेत, पेन ड्राईव्हवर एकमेकाला देतो. लिनक्सवर चालतील का?
– उद्यमबागेजवळचा एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : ह्यात मी मदत करणार नाही, आणि उपदेश पण लांबवत नाही. पेन ड्राईव्हवरून फिरणाऱ्या त्या सेटअपमधून काय काय येतं हे हॉस्टेलमधल्या कुणाचं तरी इन्स्टाग्राम अकाउंट गेलं की कळतंच. पैशाची अडचण मला माहीत आहे. सीएस२ आणि डोटा २ फुकट आहेत आणि दोन्ही लिनक्सच्याच आहेत. एपिक दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं, ते लिनक्सवर हिरोइक नावाच्या लाँचरमधून उतरतं. झिरो एडी, वेसनॉथ, सुपरटक्सकार्ट ह्या तर पूर्ण मुक्त आहेत आणि इंटरनेट नसलं तरी हॉस्टेलच्या लॅनवर झिरो एडी खेळून बघा, एज ऑफ एम्पायर्स आवडणाऱ्याला नक्की आवडेल. स्टीमवर रुपयात भाव असतात, सेलपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

प्रश्न : नमस्कार. निपाणीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक मुलगा रात्री घरी गेमसाठी वापरतो, दुकान आणि घर खालीवर आहे. तो म्हणतो विंडोज काढून लिनक्स टाकतो, फुकट आहे, व्हायरस येत नाही, दुकानाचं काम पण त्याच्यावर होईल. मला ह्यातलं फार कळत नाही पण भीती वाटते. टाकू देऊ का?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, भीती वाटते ती बरोबरच आहे, त्या डिस्कवर टाकू देऊ नका. मुलगा चुकीचं सांगतोय असं नाही, तो त्याच्या बाजूनं बघतोय, पण दुकानाच्या कॉम्प्युटरवर काय काय आहे ते त्याला एकदा तुमच्यासमोर बसवून लिहायला लावा. टॅली असेल तर ती विंडोजचीच. अंगठा घ्यायचं मशीन असेल तर त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते. डिजिटल सहीचं टोकन, त्याची युटिलिटी. श्रीलिपीत केलेल्या जुन्या लग्नपत्रिका, कन्नड अर्जासाठी नुडी, हे पण विंडोजचंच. आणि प्रिंटर! आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात तो छोटा कॅननचा एलबीपी २९०० हमखास असतो, दणकट आहे, पण लिनक्सवर त्याला चालू करणं म्हणजे डोकेदुखी, त्याचा ड्रायव्हर जुन्या कॅप्ट पद्धतीचा आहे. सकाळी दहाला दारात एक आरटीसी उताऱ्याला उभा, एक कागलकडचा पाहुणा सातबाराला उभा, आणि प्रिंटर गप्प, हे तुम्हाला परवडणार नाही. वेबसाईट उघडणं, पीडीएफ काढणं लिनक्सवर आरामात होतं, अडतं ते ह्या लहान लहान वस्तूंपाशी.

पण मुलाला नाही म्हणू नका, त्याला वेगळा एसएसडी घेऊन द्या. आणि टाकताना एक साधी गोष्ट करायला सांगा, कॉम्प्युटर बंद करून प्लग काढून दुकानाच्या डिस्कची केबलच काढून ठेवायची. फक्त नवा एसएसडी जोडलेला ठेवून त्याच्यावर लिनक्स टाकायचं. म्हणजे चुकून पुसायला दुसरं काही जोडलेलंच नसतं. सगळं झाल्यावर केबल परत जोडायची, आणि कॉम्प्युटर चालू करताना एफ११ किंवा एफ१२ दाबून, कंपनीप्रमाणे बटण बदलतं, कुठल्या डिस्कवर जायचं ते निवडायचं. दिवसा दुकानाची, रात्री त्याची. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, पहिली दुकानाचीच ठेवायला लावा, म्हणजे सकाळी तुम्ही नुसतं बटण दाबलं तरी विंडोजच येईल. लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा हे काम यूपीएसवर करा. आणि त्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या फाईलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, हे लिनक्ससाठी म्हणून नाही, ताई, हे तसं पण पाहिजेच.

मुलगा व्हायरस येत नाही म्हणतो म्हणून एवढंच लिहितो, लिनक्सवर धोका कमी असतो, नसतो असं नाही, आणि ओटीपी फोनवर सांगितला तर कुठलीच सिस्टिम वाचवत नाही.

प्रश्न : दादा, मी टिळकवाडीत राहते, बीए झालं, आता घरून अनुवादाचं काम करते, मराठी कन्नड दोन्ही. लॅपटॉप रायझन ५ ५५०० यू चा, ८ जीबी रॅम, विंडोज ११ आहे. माझ्या गेम ऑनलाईन नाहीत, स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट आणि हळूहळू विचर ३. विंडोज फार जड झालंय, फॅन सारखा ओरडतो आणि मधेच अपडेट. मला लिनक्स आवडतंय असं वाटतं, पण गेम आणि टायपिंग दोन्ही पाहिजे. जाऊ का? कुठलं घेऊ?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : जा. चार पत्रांत तुझं एकच असं आहे की मला आढेवेढे घ्यायचे नाहीत.

स्टारड्यू आणि हॉलो नाइट दोन्हीच्या लिनक्स आवृत्त्या आहेत. विचर ३ प्रोटॉनवर चालतो, फक्त तुझ्या लॅपटॉपला वेगळं कार्ड नाही, आतलंच ग्राफिक आहे, म्हणून उघडताना विचारेल तेव्हा डायरेक्टएक्स ११ वालं निवड, २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर आलेलं १२ वालं ह्या मशीनला जड जातं. पहिल्यांदा उघडल्यावर पाच दहा मिनिटं अडखळत चालेल, घोड्यावर बसून गावात शिरलीस की झटका बसेल, तेव्हा शेडर, म्हणजे चित्र कसं काढायचं ते ग्राफिकला सांगणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात, घाबरून सेटिंग बदलत बसू नको, नंतर बसतं. स्टीम हे शेडर आधीच उतरवून पण ठेवतो, डेटा कमी असेल तर डाउनलोडच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. ड्रायव्हर काहीच टाकायचा नाही, एएमडीचं सगळं आधीच आत असतं.

कुठलं घेऊ ह्यावर लोक तासन्तास वाद घालतात. फक्त गेमच खेळायच्या असत्या तर मी बॅझाइट म्हणालो असतो, स्टीम डेकसारखं तयार येतं. पण तुझं पोट टायपिंगवर आहे, तेव्हा लिनक्स मिंट. त्यात इनपुट मेथडमधून आयबस आणि एम१७एन बसव, मराठीला इनस्क्रिप्ट आहे, गमभन आहे, आणि कन्नडला केजीपी आहे म्हणजे नुडीवर बसलेला हात बदलावा लागत नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही एका बटणावर फिरतात. वर्डच्या फाईली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात पण ट्रॅक चेंजेस, टेबल असलेल्या फाईली एकदा तपासून बघ, क्लायंटला पाठवायच्या आधी. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटातलं काम येत असेल तर मात्र विंडोज ठेवावंच लागेल, हे तुलाच माहीत.

पुसायच्या आधी दोन दिवस नुसतं पेन ड्राईव्हवरून चालवून बघ, वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, झोपवल्यावर उठतो का. विंडोज तसंच राहतं, काही बिघडत नाही. फॅनचं पण तेव्हाच कळेल, पण आत धूळ साचली असेल तर लिनक्स काय करणार, आधी उघडून साफ करून घे.

आणि सगळ्यात आधी हे. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप लॉक केलेली असते, मालकाला पत्ता नसतो. बायोसमध्ये काही बदललंस, सिक्युअर बूट वगैरे, की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतो. ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आत्ता लॉगिन करून ती वहीत उतरवून घे, कागदावर, लॅपटॉपमध्येच सेव्ह करून काय उपयोग. सहा सहा आकड्यांचे आठ गट आहेत का मोज. मग पेन ड्राईव्ह लाव.

प्रोटॉनवर कुठली गेम कशी चालते ते लोक प्रोटॉनडीबी साईटवर लिहितात, तिथं विचर बघताना वरचं गोल्ड प्लॅटिनम बघून थांबू नको, खाली लोकांनी लिहिलेलं वाच, आपल्यासारखं मशीन आणि गेल्या सहा महिन्यातली नोंद. काही अडलं तर परत लिही, फक्त गेमचं नाव, लॅपटॉपचं मॉडेल आणि प्रोटॉनचा कुठला नंबर लावला होता एवढं लिहायला विसरू नको.